कर्जात बुडालेल्या रग्बी क्लबला नवे मालक मिळत असताना चाहत्यांना वाटणारी धास्ती रास्त आहे का?

तुम्ही इंग्लंडमध्ये शिकायला गेल्यापासून ज्या रग्बी क्लबचे सामने पाहता तो कर्जात आहे, त्याला नवे मालक मिळत आहेत, तरीही जुने चाहते आनंद मानण्याऐवजी शंका का काढतात, असे तुम्ही विचारले आहे. मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. नोकरीनिमित्त 2014 पासून काही वर्षे कोव्हेंट्रीत राहिलो आणि तिथे वॉस्प्स या क्लबचा चाहता झालो. त्या क्लबचे जे झाले ते डोळ्यांदेखत पाहिल्यामुळे मला ही धास्ती पूर्णपणे रास्त वाटते.

वॉस्प्सची स्थापना लंडनमध्ये 1867 साली झाली. 2004 आणि 2007 मध्ये हा क्लब युरोपचा विजेता ठरला होता. पण 2012 पर्यंत तो दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला. 2013 मध्ये डेरेक रिचर्डसन या आयरिश उद्योजकाने तो विकत घेतला, तेव्हा चाहत्यांना देव पावल्यासारखे वाटले असणार. पुढच्याच वर्षी नव्या मालकाने कोव्हेंट्रीतले रिको अरीना हे मोठे स्टेडियम क्लबसाठी विकत घेतले आणि डिसेंबर 2014 मध्ये क्लब, तो तेव्हा जिथे खेळत असे त्या हाय विकम गावाहून सुमारे 130 किलोमीटर दूर तिकडे हलवला. पहिल्या सामन्याला 28,254 प्रेक्षक आले होते. त्या गर्दीत मीही होतो आणि अत्यंत खूश होतो. ज्यांचा क्लब आम्हाला मिळाला त्या हाय विकमच्या लोकांनी प्रत्येक शनिवारी काय करायचे, हा विचार त्या दिवशी माझ्या मनात आला नाही, याची मला आजही खंत वाटते.

खरी मेख मात्र त्यानंतर आहे. 2015 मध्ये क्लबने 6.5 टक्के व्याजाचे 3.5 कोटी पौंडांचे रोखे विक्रीला काढले, म्हणजे लोकांकडून ठरावीक मुदतीचे कर्ज घेतले, आणि त्यासाठी तेच स्टेडियम तारण ठेवले. माझ्या रांगेत बसणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी, आपल्याकडे लोक ओळखीच्या पतसंस्थेत ठेव ठेवतात तितक्याच विश्वासाने, ते रोखे घेतले होते. खेळाडूंच्या पगारांवरचा खर्च उत्पन्नाला झेपत नव्हता, त्यात कोरोनाच्या काळात स्टेडियम ओस पडले, आणि मे 2022 मध्ये रोख्यांची मुदत संपली तेव्हा क्लबला मुद्दल परत करता आली नाही. 17 ऑक्टोबर 2022 रोजी क्लब दिवाळखोरीच्या कायद्यानुसार नेमलेल्या प्रशासकांच्या ताब्यात गेला आणि खेळाडूंसह 167 जणांची नोकरी एका दिवसात गेली. स्टेडियम दुसऱ्याच उद्योगसमूहाने घेतले. क्लबला वाचवणारा मालक, भरलेले स्टेडियम आणि मालकीची वास्तू हे सगळे असूनही क्लब बुडाला, कारण क्लब ज्यावर उभा होता तीच मालमत्ता कर्जाला जोडलेली होती.

म्हणून नवा मालक किती श्रीमंत आहे यापेक्षा तो पैसा कोणत्या रूपाने आणतो, हे मी आधी पाहतो. त्याने भागभांडवल घातले तर बुडणारा पैसा त्याचा असतो. त्याने क्लबला कर्ज दिले किंवा बाहेरून मिळवून दिले, तर तो निघून गेल्यावरही बोजा क्लबच्या अंगावर राहतो. हे मला कोव्हेंट्रीत नव्हे, तर घरीच शिकायला मिळाले होते. माझे वडील ज्या सहकारी साखर कारखान्याचे सभासद होते तो बंद पडला आणि पुढे एका खासगी कंपनीला भाडेतत्त्वावर चालवायला दिला गेला. गाळप सुरू होणार म्हणून गावात पेढे वाटले गेले, पण सभेत जुन्या शेतकऱ्यांनी दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा विचारल्या: आमची थकीत ऊस बिले कोण देणार, आणि कारखान्याची जमीन या करारात आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळायला आमच्या घराला कित्येक वर्षे वाट पाहावी लागली. तरीही सभासदाला निदान सभेत उभे राहून विचारण्याचा आणि मत देण्याचा हक्क असतो. तुमच्या क्लबच्या चाहत्याकडे बहुधा फक्त हंगामाचा पास आहे, आणि त्यामुळे शंका मोठ्याने बोलून दाखवणे हेच त्याच्या हातातले साधन उरते.

वूस्टर वॉरियर्सच्या चाहत्यांनी हेच केले. सप्टेंबर 2022 मध्ये इंग्लंडमधल्या त्या क्लबला स्पर्धांतून निलंबित करण्यात आले आणि 5 ऑक्टोबरला खेळाडूंचे करार ज्या कंपनीकडे होते ती थकीत करापायी न्यायालयाने गुंडाळायला लावली. तिथेही मैदानाभोवतीच्या जमिनीचे व्यवहार हा रोषाचा मोठा विषय होता. नंतर आलेल्या खरेदीदारांनी नाव बदलण्याची आणि स्टोअरब्रिजच्या क्लबशी जोडणी करण्याची योजना मांडली, तेव्हाही लोक गप्प बसले नाहीत. आज तो क्लब वॉरियर्स याच नावाने, 2025-26 च्या हंगामापासून दुसऱ्या श्रेणीत पुन्हा खेळतो आहे. न्यूकॅसलमध्ये वेगळे घडले: ऑगस्ट 2025 मध्ये रेड बुल या पेय बनवणाऱ्या कंपनीने तिथला फाल्कन्स क्लब घेतला आणि त्याच्या नावात स्वतःचे नाव घातले. तळाशी खितपत पडलेल्या संघाला मोठे पाठबळ मिळाले, हे मी नाकारत नाही. नावाची किंमत किती मानायची हे न्यूकॅसलच्या लोकांनीच ठरवावे.

मात्र शंकेपायी प्रत्येक खरेदीदाराला परतवून लावावे, असे मी म्हणणार नाही. लंडन आयरिश हा 1898 चा क्लब. त्याचा अमेरिकी गुंतवणूकदारांशी सौदा पूर्ण झालाच नाही आणि जून 2023 मध्ये तो इंग्लंडच्या अव्वल श्रेणीच्या स्पर्धेबाहेर गेला. मालक न मिळण्याचा शेवट असाही होतो.

तुम्हाला आज करता येण्यासारखे एक काम आहे. ब्रिटनमधल्या कंपन्यांची नोंद कंपनीज हाऊस या सरकारी कार्यालयात असते आणि तिथले ताळेबंद संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. तुमच्या क्लबच्या कंपनीचे नाव शोधा आणि तिच्या मालमत्तेवर कोणाचा बोजा चढवला आहे ते वाचा. मैदान वेगळ्या कंपनीच्या नावावर असेल, तर तिचीही नोंद उघडा. नव्या मालकांची पहिली सभा होईल तेव्हा संघात कोणते खेळाडू आणणार हे इतर लोक विचारतीलच. तुम्ही मैदानाच्या बोजाविषयी विचारा आणि उत्तर लेखी मागा.