केस रिपोर्टवर सही करावी का? आणि आणखी काही प्रश्न

डेरवण आणि पडवे इथली वैद्यकीय महाविद्यालये होतीच. त्यांच्या जोडीला अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्गात शासकीय महाविद्यालये आली आणि 'संशोधन' हा शब्द ओपीडीच्या रांगेतही ऐकू येऊ लागला. या वेळची बहुतेक पत्रे त्याबद्दलचीच आहेत. त्यात 'केस रिपोर्ट' वारंवार येईल: एका किंवा मोजक्या रुग्णांच्या आजाराची आणि उपचारांची वैद्यकीय नियतकालिकात छापलेली नोंद. पत्रलेखकांची नावे मुद्दाम गाळली आहेत. का, ते पहिल्याच उत्तरात कळेल.

माझ्या यजमानांच्या डोळ्यातून डॉक्टरांनी जिवंत जंत काढला. आता ही केस छापायची आहे म्हणून फोटोसाठी सही मागतात. 'गावात कोणाक कळला तर?' म्हणून यजमान तयार नाहीत. सही दिली नाही तर पुढच्या तपासणीत अडवतील का? (मालवण तालुक्यातील एक भगिनी)

अडवता येत नाही. उपचारांची संमती वेगळी आणि छापण्याची संमती वेगळी. दुसरी नाकारली तरी पहिलीवर परिणाम होता कामा नये, आणि हे संमतीपत्रातच लिहिलेले असायला हवे. लिहिलेले नसेल तर तेवढ्या एका कारणावरूनही सही थांबवा.

आता यजमानांच्या भीतीबद्दल. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की ओळख झाकली, ही समजूत जुनी झाली. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनेच ती पद्धत अपुरी ठरवली आहे. तुमच्या बाबतीत तर फोटोचा प्रश्न किरकोळ आहे, कारण बुबुळाचा जवळून काढलेला फोटो कोणाचाही असू शकतो. माणूस ओळखू येतो तो मजकुरातून. अमुक वयाचा, अमुक वाडीतला, ट्रॉलरवरचा तांडेल, गेल्या श्रावणात दाखल झालेला, एवढे वाचून मुंबईच्या वाचकाला काहीच कळणार नाही. चाळीस उंबऱ्यांच्या वाडीत मात्र नाव लिहायचीही गरज उरत नाही. म्हणून डॉक्टरांना सांगा: गाव नको, धंदा नको, तारीख नको; 'कोकण किनाऱ्यावरील मध्यमवयीन पुरुष' एवढे पुरे. छापायला पाठवण्याआधी मजकूर मराठीत समजावून सांगा, असेही म्हणा. स्कॅनच्या कोपऱ्यात नाव आणि केस पेपरचा नंबर राहून जातो, तोही पुसायला सांगा. छापून येईपर्यंत संमती मागे घेता येते. एकदा इंटरनेटवर गेले की ते परत आणणे जवळजवळ अशक्य.

माझे मत विचाराल तर एवढी काळजी घेतली जात असेल तर सही द्यावी. असा जंत बहुतेक वेळा डायरोफिलारिया असतो. मूळचा कुत्र्याचा, डासामार्फत माणसात येतो. केरळात असे बरेच रुग्ण नोंदले गेले आहेत. आपल्याकडे डोळा लाल झाला की थेंब घालून घरी पाठवले जाते. छापलेली केस वाचलेला डॉक्टर निदान टॉर्च मारून नीट बघेल. आणि यजमानांना सांगा, माणसाच्या अंगात या जंताची पिलावळ सहसा होत नाही, त्यांच्यापासून घरात कोणाला लागण होणार नाही. जंत काढला की बहुधा औषधही लागत नाही.

बिंबलांच्या रसाने एका रुग्णाचे कोलेस्टेरॉल उतरले, असा 'केस रिपोर्ट' व्हॉट्सॲपवर आला आहे. आमच्या परसात बिंबलांचे झाड लगडले आहे. रोज ग्लासभर घ्यावा का? (वेंगुर्ल्याहून एक निवृत्त शिक्षक)

गुरुजी, कृपा करून घेऊ नका. बिंबलांबद्दल छापून आलेला जो रिपोर्ट मला माहीत आहे, तो नेमका उलटा आहे. 2013 मध्ये केरळातल्या डॉक्टरांनी दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. कोलेस्टेरॉल कमी व्हावे म्हणून त्यांनी याच फळाचा घट्ट रस प्यायला होता आणि त्यांची मूत्रपिंडे अचानक बंद पडली. काहींना डायलिसिस लागले. बिंबलांत ऑक्सॅलेट भरपूर असते. कच्चा रस एकदम पोटात गेला की त्याचे खडे मूत्रपिंडाच्या नलिकांत बसतात. आमटीत किंवा माशाच्या कढीत चार बिंबला टाकणे वेगळे. ते खुशाल टाका. मूत्रपिंडाचा आजार आधीच असेल तर मात्र तेही डॉक्टरांना विचारून.

एका रुग्णाच्या बरे होण्यावर मी सहसा विश्वास ठेवत नाही. तो बाकी गोळ्याही घेत असतो, पथ्यही पाळत असतो, आणि ज्यांना गुण आला नाही त्यांच्यावर कोणी लिहीत नाही. फुरसे चावल्यावर मांत्रिकाकडे जाऊन बरे झालेल्यांच्या गोष्टी याच जातीच्या: कधी सापाने विषच सोडलेले नसते, कधी साप बिनविषारी असतो. अपाय सांगणाऱ्या एका-दोन नोंदींकडे मात्र मी कान देतो. थॅलिडोमाइड हे औषध गरोदरपणी घेतल्यामुळे व्यंग असलेली बाळे जन्मतात, हा इशारा 1961 मध्ये एका डॉक्टरच्या काही ओळींच्या पत्रातून जगापुढे आला.

माकडतापाच्या साथीत आमच्या गावातून रक्त नेले. तीन आठवड्यांनी पुन्हा नेले. रिपोर्ट कोणालाच मिळाला नाही. आम्ही काय प्रयोगाची जनावरे? (दोडामार्ग तालुक्यातून एक काजू बागायतदार)

तुमचा राग रास्त आहे. दुसऱ्यांदा रक्त नेण्यामागे मात्र कारण असते. ताप आल्यावर पहिल्या काही दिवसांत रक्तात विषाणू सापडतो, तो सरला की शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांवरून निदान करावे लागते. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत ती वाढलेली दिसली तर संसर्ग ताजा होता, हे पक्के होते. निरोगी माणसाचे रक्त नेले असेल तर बहुधा पूर्वी कितीजणांना नकळत लागण होऊन गेली हे मोजायचे असते. 1957 मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा आजार 2016 मध्ये तुमच्या भागात मोठ्या प्रमाणावर दिसला. तो गोचिडीतून पसरतो, त्याचा हंगाम आणि काजू गोळा करण्याचा हंगाम नेमका एकच, आणि सुक्या पातेऱ्यात बसून बी वेचणाऱ्यालाच गोचीड चिकटते. त्यामुळे तुमच्या गावाच्या रक्ताशिवाय हा अभ्यास होऊच शकत नाही.

म्हणूनच निकाल गावाला सांगणे हे उपकार नव्हेत. ज्याचा नमुना, त्याला त्याचा अहवाल. आणि गावाला एकत्रित निष्कर्ष, ग्रामसभेत, मराठीत. सरपंचांमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी विचारा: नमुने कोणत्या अभ्यासासाठी होते आणि त्याला कोणत्या आचारसमितीची (संशोधनात माणसांचे हक्क जपले जातात का, हे पाहणाऱ्या समितीची) मंजुरी होती? उत्तर देणे भाग पडते. दरम्यान मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

मी इंटर्न आहे. एक विचित्र केस मिळाली आहे. पैसे भरा, आठवड्यात छापू, अशा मेल रोज येतात. सर म्हणतात विभागप्रमुखांचे नाव आधी. एका पेशंटवर लिहून खरेच काही होते का? (चिपळूण परिसरातून)

आठवड्यात छापणारे तुझा लेख वाचतही नाहीत. फेकून दे त्या मेल. नावाबद्दल नियम सोपा आहे: ज्याने काम केले, लिहिले आणि लिहिल्याची जबाबदारी घेतली तो लेखक. खुर्ची हे लेखकपण नव्हे. (हे सरांना कसे सांगायचे, ते मात्र तुझे तू बघ.)

'काही होते का' याचे उत्तर तुझ्यापासून फार लांब नाही. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर. लाल विंचू चावलेली माणसे, त्यात मुले फार, घामाने डबडबून, हातपाय गार पडून, फुप्फुसात पाणी होऊन जात होती. बावस्करांनी रात्रभर उशाशी बसून नोंदी केल्या: आधी उलटी, मग घाम, रक्तदाब चढतो केव्हा, पडतो केव्हा. 1982 मध्ये त्यांची ही निरीक्षणे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. विषाने शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, हे ध्यानात घेऊन त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरली. त्याबद्दल 1986 मध्ये लिहिले, आणि मृत्यू झपाट्याने घटले. तरी ते तिथे थांबले नाहीत. विंचवाच्या विषावरची उताऱ्याची लस प्राझोसिनला जोडली तर रुग्ण लवकर सावरतो का, हे 70 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करून तपासले. सावरतो, असे दिसले. तो अभ्यास 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापला. खाटेजवळच्या नोंदींपासून रीतसर चाचणीपर्यंत जवळजवळ तीन दशके, तीही मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेशिवाय.

म्हणून 'आमच्या माहितीप्रमाणे जगातील पहिलीच केस' या वाक्याचा मोह टाळ. तारीख, वेळ, नाडी, काय दिले, काय चुकले, तीन महिन्यांनी रुग्ण कसा आहे, हे लिही. 2013 पासून केस रिपोर्टसाठी 'केअर' नावाची तपासणी यादी आहे. ती समोर ठेव. त्यात रुग्णाचे स्वतःचे म्हणणे लिहायलाही जागा आहे आणि ती जागा लोक हमखास रिकामी सोडतात.

आईला मुंबईत नव्या औषधाच्या चाचणीत घ्यायचे म्हणतात. तिला लिहिता-वाचता येत नाही. घाबरायचे का? (गुहागरहून)

घाबरू नका, चौकशी करा. 15 जून 2009 पासून अशा प्रत्येक चाचणीची राष्ट्रीय नोंदणी सक्तीची आहे. 'सीटीआरआय'ने सुरू होणारा क्रमांक मागा आणि मोबाइलवर शोधून पाहा. संमतीपत्र मराठीत हवे. आईला वाचता येत नाही, म्हणून ते चाचणीशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर वाचून दाखवायला हवे. मग अंगठा, आणि एक प्रत तुमच्याकडे. 2019 च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई देणे बंधनकारक आहे. हे कोणाकडे मागायचे, त्या आचारसमितीचा फोन नंबर पत्रावर आहे का ते पाहा. आणि एक विचाराच: आईला नवे औषध मिळाले नाही, तर दुसऱ्या गटात काय मिळणार? सध्याचे उत्तम उपचार, की नुसती साखरेची गोळी? उत्तर देताना कोणी चाचरले तर परतीची एसटी पकडा.

माझ्या जिभेवरची जखम टीबीची निघाली. डॉक्टर म्हणाले फार दुर्मीळ केस. मग दुर्मीळ आजारांचे 50 लाख मिळतील का? (लांज्याहून)

नाही. दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण 2021 चे आहे. त्यातली 50 लाखांपर्यंतची मदत यादीतल्या ठरावीक, बहुतांशी जनुकीय आजारांना, आणि मुंबईच्या केईएमसारख्या नेमलेल्या केंद्रांमार्फतच मिळते. तुमची जागा दुर्मीळ, आजार नेहमीचाच. औषधे सरकारी दवाखान्यात फुकट आहेत आणि पोषणासाठी नोव्हेंबर 2024 पासून महिना 1000 रुपये मिळतात. टीबी रुग्णांच्या 'निक्षय' या सरकारी नोंदणीवर नाव चढले का, बँक खाते जोडले का, एवढे आशाताईंना विचारा.