कश्यप नव्हे, लांडगा!

प्रश्न असा आहे: कॅस्पियन समुद्राचे मूळ नाव ‘कश्यप सागर’ होते हे खरे का? आणि मराठीत त्याला समुद्र म्हणावे की सरोवर?

पहिल्याचे उत्तर: नाही. गेल्याच महिन्यात एका व्याख्यानात हे पुन्हा ऐकले, वर टाळ्याही पडल्या, म्हणून जरा चिडूनच लिहितो आहे. नाव आले कास्पी नावाच्या लोकांवरून. हे लोक त्या पाण्याच्या नैर्ऋत्येला, आजच्या अझरबैजानच्या बाजूला राहत. समुद्राला नाव या जमातीचे, पण जमात आता उरलेली नाही, असे ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून गेला. (हाच स्ट्रॅबो कॅस्पियनला उत्तर महासागराची खाडी समजत होता. त्याच्या चारेकशे वर्षे आधीच्या ग्रीक इतिहासकार हिरोडोटसला मात्र तो चहूबाजूंनी बंद आहे हे ठाऊक होते!) “पण कश्यप नि कास्पी ऐकायला किती सारखे!” असतील. कश्यप या शब्दाचा सख्खा भाऊ इराणी भाषांत आहेच: पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात ‘कस्यप’, फारसीत ‘कशफ’, अर्थ कासव. त्याचा कधी कास्पी झाला नाही. “शब्दकोशात कश्यप सागर दिला आहे,” असे एका निवृत्त शिक्षकांनी मला सुनावले. दिला असेल. प्रतिशब्द म्हणजे व्युत्पत्ती नव्हे, हे इतकी वर्षे भाषा शिकवणाऱ्याला मी सांगायचे?

संस्कृतशी नाते हवेच ना? मग ते याच किनाऱ्यावर आहे, फक्त ऋषींचे नाही. ग्रीक या समुद्राला ‘हिर्केनियन’ही म्हणत. हे नाव आग्नेय किनाऱ्यावरच्या प्रांताचे. प्राचीन इराणचा सम्राट दरायस याच्या बेहिस्तून इथल्या शिलालेखात तो प्रांत ‘वर्कान’ आहे, म्हणजे लांडग्यांचा मुलूख. हा ‘वर्क’ म्हणजे आपला वृक, वृकोदर भीमाच्या पोटात बसलेला! ग्रीकांच्या तोंडी सुरुवातीच्या ‘व’चा ‘ह’ झाला, फारसीत ‘ग’. वर्कानचे झाले गुर्गान. इराणच्या त्या कोपऱ्यात आजही गुर्गान नावाचे शहर आहे, आणि लांडग्याला फारसीत ‘गुर्ग’च म्हणतात.

‘व’चा ‘ग’ कसा होईल, असे मराठी माणसाने तरी विचारू नये. गुलाबातला गुल जुन्या इराणीत ‘वर्द’ होता. आणि गुन्हा? मध्य फारसीत तो ‘विनाह’, संस्कृतातल्या विनाशाचा चुलतभाऊ. पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल होतो तेव्हा नोंदवहीत हाच ‘ग’ उतरतो. गंमत म्हणजे गुर्गान शहर ज्या प्रांतात आहे त्याचे नाव गुलिस्तान. एकाच पत्त्यात दोन ‘ग’, दोन्ही मुळात ‘व’! माझे चालले असते तर पाठ्यपुस्तकात ‘वृकसागर’ छापून घेतले असते.

हां, समुद्र की सरोवर ते राहिलेच. बाहेर पडायला वाट नाही, पाणी मुख्यतः व्होल्गा आणते, खारेपणा महासागराच्या सुमारे एक तृतीयांश, पातळी समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 29 मीटर खाली. भूगोलाच्या हिशेबाने सरोवर. पण रशिया, कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान, इराण आणि अझरबैजान हे पाच देश याच एका शब्दावर वीस-पंचवीस वर्षे भांडले. समुद्र म्हटले की तळाची वाटणी किनाऱ्याच्या लांबीप्रमाणे, सरोवर म्हटले की समान वाटे, आणि किनारा तोकडा असलेल्या इराणला हवा होता पाचवा हिस्सा. शेवटी 12 ऑगस्ट 2018 रोजी कझाकस्तानातल्या अक्ताऊ इथे करार झाला तो समुद्र की सरोवर हे न ठरवताच: ‘विशेष कायदेशीर दर्जा’. प्रत्येकाला 15 सागरी मैल स्वतःचे पाणी, त्यापुढे 10 मैल मासेमारीचे.

फारसीत तो ‘दर्या-ए-खझर’. आपला दर्या, दर्यावर्दी तिथूनच आले. तोच दर्या अमुदर्या, सिरदर्या या नावांत नदी होऊन बसतो, त्यामुळे शब्दाच्या भरवशावर पाण्याची जात ठरवायला जाऊ नका. पाचही देशांच्या भाषांत कॅस्पियन समुद्रच आहे, तुम्हीही खुशाल समुद्र म्हणा. फक्त भूगोलाच्या पेपरात ‘जगातले सर्वांत मोठे सरोवर कोणते’ असे आले तर मुकाट्याने कॅस्पियन लिहा, नाहीतर गुण जातील.