बीसीडीला टॉर्च आणि प्रेशर गेज अडकवायला घरच्या घरी काय करता येईल?

लातूरहून तारकर्लीला डायव्हिंगला जाता, बीसीडी (डायव्हरचं हवा भरून फुगवायचं जॅकेट) स्वतःची आहे, पण टॉर्च अन् टाकीतली हवा दाखवणारं गेज लोंबकळतात, असं तुम्ही विचारलंय. महागडे सेट घेऊ नका. पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणा, बोटभर रुंदीची कडी कापा आणि पट्ट्यावर चढवा. टॉर्च त्यात खोचली की अंगालगत राहते.

बोल्ट स्नॅप, म्हणजे सरकत्या खटक्याचा हूक, मात्र स्टेनलेस स्टीलचाच हवा. तो टॉर्चला किंवा गेजला थेट धातूच्या कडीने जोडायचा नाही. मध्ये नायलॉनची वळलेली बारीक दोरी घ्या, पैठणला नाथसागरावरचे मासेमार वापरतात तसली. तीन-चार वेढे, घट्ट गाठ, टोकं काडीने वितळवून दाबायची. धातूला धातू जोडला आणि खटका अडकला तर पाण्याखाली चाकूचा काही उपयोग नाही, दोरी लगेच कापता येते. यात मी अजिबात तडजोड करत नाही. ढकलून उघडणारा कॅराबिनरही (गिर्यारोहक वापरतात तसला हूक) नको, जाळ्याची दोरी आपसूक आत शिरते.

बीसीडीच्या फुगणाऱ्या भागाला दाभण लावू नका बरं. समुद्रात जाण्याआधी स्विमिंग पूलमध्ये डोळे मिटून, एका हाताने क्लिप काढून-लावून बघा. चिरा पडलेलं रबर लगेच बदला.