झूलॉजी घेऊन रोगांवर संशोधन करता येतं का, की त्यासाठी डॉक्टरच व्हावं लागतं?

टी.वाय.ला आहेस म्हणतेस, म्हणून एकेरीच लिहितो. डॉक्टर व्हावं लागत नाही. मुंबईत १८९७ साली प्लेगची लस तयार करून ती आधी स्वतःला टोचून घेणारे हाफकिन शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञच होते.

मी विदर्भातल्या एका कॉलेजात झूलॉजी शिकवलं आणि जोडीला हत्तीरोगावर काम केलं. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली हा त्याचा जुना पट्टा. तो वुचेरेरिया नावाच्या जंतामुळे होतो. हा जंत लसिकावाहिन्यांत, म्हणजे लसिका नावाचा द्रव वाहून नेणाऱ्या शरीरातल्या नळ्यांत राहतो. त्याची पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री, क्युलेक्स डास चावायच्या वेळेला, अंगभरच्या रक्तात येतात. म्हणून रक्तनमुने रात्रीच घ्यायचे. माझं करिअर म्हणजे खरं तर रात्री नऊ ते बारा लोकांची दारं वाजवणं!

"सर, दिवसा या ना. रात्रीचं रक्त काय वेगळं राहते का?" हा प्रश्न प्रत्येक गावात. राहतं, पण झोपमोड झालेल्या माणसाला ते दारात उभं राहून पटवता येत नाही. शेवटी शाळेच्या व्हरांड्यात मायक्रोस्कोप मांडला आणि ज्याचा रक्ताचा थेंब त्यालाच काचेखाली दाखवायला लागलो. एका बाईंनी तो वळवळणारा धागा बराच वेळ पाहिला आणि एवढंच विचारलं, "हे माह्या आंगात हाय?" त्या रात्री त्यांची अख्खी गल्ली बोटं पुढे करून आली. (आजच्या एथिक्स कमिटीला हे चाललं नसतं, आणि तिचं बरोबरच आहे.)

पहिल्या सर्वेक्षणात वाळत ठेवलेल्या निम्म्या काचपट्ट्या मुंग्यांनी रातोरात चाटून साफ केल्या होत्या. तेव्हापासून टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. असलं कुठल्या सिलॅबसमध्ये नसतं.

गोळ्यांचं काम त्याहून चिवट. डीईसी आणि अल्बेंडाझोल ही जंतांवरची औषधं वर्षातून एकदा. नागपूर जिल्ह्यात २०१९ पासून आयव्हरमेक्टिनही. मोठा जंत काही वर्षं जगतो, म्हणून वर्षामागून वर्षं द्यायच्या, आणि ज्याला काहीच होत नाही त्यालाही द्यायच्या. लोक गोळ्या घेतात आणि फडताळात ठेवतात. ज्याच्या रक्तात पिल्लं असतात त्याला ती मरताना ताप येतो, मग "गोळीनं ताप आला" ही बातमी आमच्या आधी पुढच्या गावात पोचलेली. समोर गिळायला लावायचं आणि दुसऱ्या दिवशी तापाची चौकशी करायला परत जायचं, एवढाच उपाय मला सापडला. दुसऱ्या दिवशी न जाणारे पुढच्या वर्षी दारातूनच परत येतात.

बढतीच्या फायलीत यातलं काही मोजलं जात नाही. माझे पेपर कमी झाले, प्रोफेसरपद उशिरा मिळालं. याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढचं विचारलंस म्हणून सांगतो: पुद्दुचेरीच्या व्हीसीआरसीत (रोग पसरवणाऱ्या कीटकांवर काम करणारी संशोधन संस्था) सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्राची एम.एस्सी. आहे, ती बघ. पुण्याची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थाही बघ. आणि तोवर घरामागच्या नालीतलं वाटीभर पाणी काढ. डासाची अळी डोकं खाली करून तिरपी लटकलेली असेल तर बहुतेक क्युलेक्स. पाण्याला समांतर पडलेली असेल तर ॲनोफिलीस, म्हणजे मलेरियाचा डास. काय निघालं ते इथेच कळव.