चौकातल्या दुचाक्या कुठे हरवतात?

प्रश्न : पुण्यातल्या नळ स्टॉप चौकात कॅमेऱ्याने वाहनं मोजण्याचा एम.टेक.चा प्रकल्प करते आहे. ‘कोको’ या चित्रसंचावर आधीच शिकवलेलं, चित्रातल्या वस्तू ओळखणारं मॉडेल वापरलं. कार नीट मोजल्या जातात. पण सिग्नलला थांबलेल्या दुचाक्या निम्म्याही सापडत नाहीत आणि रिक्षा कधी कार, कधी ट्रक ठरते. मोठं मॉडेल घ्यावं का?
— एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : इतक्यात नको. कोकोच्या 80 वर्गांत रिक्षा नाहीच, त्यामुळे मॉडेल तिला जवळचं काहीतरी नाव देणारच. हैदराबादच्या ट्रिपल आयटीच्या ‘इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट’मध्ये रिक्षा आहे, पण ती चित्रं धावत्या गाडीतून घेतलेली आहेत आणि तुमचा कॅमेरा वरून पाहतो. म्हणून सुरुवात त्यावर करा आणि पुढचं शिक्षण स्वतःच्या व्हिडिओतल्या चौकटींवर (फ्रेम) द्या. दुचाकी आणि स्वार यांच्याभोवती मिळून एकच चौकोन आखायचा की दोन, हे चित्रांवर खुणा करण्याआधीच ठरवा.

दुचाक्यांचं दुखणं वेगळं आहे. 1920 पिक्सेल रुंदीचं चित्र 640 वर आणलं की 60 पिक्सेलची दुचाकी 20 ची उरते. आधी 1280 वर चालवून पाहा. दुसरं, एकमेकांवर चढलेले चौकोन गाळणारी पायरी (एनएमएस) खेटून उभ्या दोन दुचाक्यांना एकच समजते आणि एक पुसून टाकते. दोन चौकोन किती एकमेकांवर आले की एक गाळायचा, ती मर्यादा 0.45 असेल तर 0.6 ते 0.7 करून बघा. फार वाढवलीत तर एकच गाडी दोनदा मोजली जाईल. मोजणीची रेषा, म्हणजे जी ओलांडली की गाडी मोजली जाते ती, स्टॉप लाइनवर तर मुळीच नको. तिथे गाड्या गर्दी करून थांबतात, एकमेकींना झाकतात आणि ट्रॅकरने (चौकटीमागून चौकटीत तीच गाडी ओळखत राहणारा भाग) गाड्यांना दिलेले क्रमांक अदलाबदल होतात. रेषा थोडी पुढे, गर्दी सुटी होते तिथे घ्या.

वेळ वाचवायला सेकंदाला 5 चौकटी घेत असाल तर तेही थांबवा. ताशी 40 किमी म्हणजे सेकंदाला 11 मीटर. दोन चौकटींत दुचाकी 2.2 मीटर सरकते, म्हणजे स्वतःच्या लांबीहून जास्त. मग जुन्या-नव्या जागेचा मेळ बसणार कसा? 25 चौकटींना हेच अंतर 0.44 मीटर असतं.

सर्वांत जास्त जपायचं ते चाचणीला. एकाच व्हिडिओतल्या चौकटी सरमिसळ करून शिकवण्याच्या आणि चाचणीच्या गटांत वाटल्या, तर शेजारच्या जवळपास सारख्याच चौकटी दोन्हीकडे जातात आणि अचूकता खोटी फुगते. वाटणी दिवसांनुसार करा. जुलैतला रेनकोटचा एक दिवस आणि एक रात्र चाचणीत हवीच.

चौकावरच्या उड्डाणपुलावरून जाणारी वाहनं तुमच्या कॅमेऱ्यात येत नाहीत, तेव्हा आकड्याला ‘कर्वे रस्त्याची वाहतूक’ म्हणू नका. आणि चूक वाहनप्रकारानुसार वेगळी मांडा. चुकून वाढलेल्या कार हुकलेल्या दुचाक्यांना झाकतात आणि एकूण बेरीज बरोबर दिसते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी 106’ या मार्गदर्शिकेनुसार दुचाकीचा भार वाहतुकीतल्या तिच्या वाट्याप्रमाणे 0.5 किंवा 0.75 धरतात, कारचा 1. त्यामुळे गाड्यांची बेरीज जुळली, तरी पीसीयूचा (सगळी वाहनं कारच्या मापात मोजणारं एकक) आकडा चुकलेलाच राहतो.