'मी येडा न्हाई' म्हणणाऱ्या पोराला समुपदेशकाकडे घेऊन कसं जायचं?

प्रश्न: मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत. वर्षापूर्वीपर्यंत तालमीच्या पोरांबरोबर फुटबॉल, घरी आला की बडबड. आता शाळेतून आला की खोलीचं दार बंद. जेवणाचं ताटसुद्धा दारात ठेवते. विचारलं की 'काय न्हाई', नाहीतर अंगावर येतो. यांचा उद्यमनगरात लेथचा कारखाना आहे. ते म्हणतात, मोबाईल काढून घे, होस्टेलला घाल, सरळ होईल. मी समुपदेशकाचं नाव काढलं तर 'मी येडा न्हाई' म्हणून ताट ढकललं. काय करू? — एक आई, कळंबा

ताई,

तुमच्या पत्रातली आम्हाला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे सुटलेला फुटबॉल. या वयात पोरं आईबापांपासून थोडी लांब जातातच, ते दुखणं नव्हे. पण घर, मित्र आणि मैदान तिन्ही सुटली असतील, तर वाट बघत बसू नका. पोरांचं नैराश्य पुष्कळदा रडण्यातून नाही, चिडण्यातून दिसतं. अंगावर येणं म्हणजे माजच असेल असं धरून चालू नका.

आधी एक गोष्ट आजच बघा. हातावरच्या जखमा लपवायला उन्हाळ्यातही फुल बाह्या घालतो का? आवडीच्या वस्तू वाटून टाकतोय का? 'मी नसलेलं बरं' असं काही बोलतो का? शंका आली तर सरळ विचारा, "तुला जगणं नको वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, गाठा. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन रात्रंदिवस चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

तसं काही नसेल, तर समुपदेशकाची पहिली वेळ पोरासाठी नको, तुम्हा दोघांसाठी घ्या. तो यायला तयार नसला तरी तुम्ही जाऊ शकता, आणि घरात बोलायची रीत बदलली की पोराचा नकारही मऊ पडतो. नैदानिक मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. त्याचबरोबर विचारा की या वयाच्या मुलांबरोबर किती काम केलंय, मुलाला एकट्याला भेटणार का आणि आम्हालाही बसवणार का. "सोडून जा, मी समजावतो" असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. समजावणारे घरात काय कमी आहेत?

मग त्याला सांगायचं. जेवताना नको, मार्कांवरून भांडण झाल्यावर तर नकोच. गाडीवर मागे बसलेला असताना किंवा रंकाळ्याला फेरी मारताना बोला. नजरेला नजर नसली की पोरं जास्त बोलतात. "तुझ्यात बिघाड आहे" हा सूर नको. "आपलं बोलणं तुटलंय, ते मला एकटीला जोडता येईना. मी जाऊन आले. तू तीनदा ये, नाही पटलं तर माणूस बदलू." तीनदा अशासाठी, की पहिल्या भेटीत बहुतेक पोरं गप्पच बसतात. आणि दात दाखवायच्या निमित्ताने फसवून नेऊ नका. एकदा फसला की तो तिथेही तोंड उघडणार नाही आणि तुमच्यावरचा उरलासुरला विश्वासही जाईल.

भेट साधारण 45 ते 50 मिनिटांची असते. सुरुवातीला सगळे एकत्र, मग तो एकटा. त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल किंवा त्याच्यावर कुणी अत्याचार करत असेल, तर ते बाहेर सांगावंच लागतं. बाकी सिगारेट, मुलगी, बापावरचा राग, हे सहसा त्या खोलीतच राहतं. खरी गडबड होते ती परतीच्या वाटेवर. "काय म्हणालास? आमच्याबद्दल काय सांगितलंस?" एवढं एक वाक्य पुढच्या चार भेटी वाया घालवतं. वाटेत मिसळ खा, तर्री जास्त झाली का एवढंच बोला.

आठवड्याला एक, अशा सहा-आठ भेटींआधी निकाल मागू नका. सगळे एकत्र बसलात की जुना राग बाहेर येईल. "पाव्हण्यांसमोर मला मारलंत" असं तो म्हणाला, तर मिस्टरांनी "पण तूही..." म्हणायचं नाही. "लागलं असेल तुला" म्हणून थांबायचं. बापाला हे फार जड जातं, पण तुटलेलं नातं नेमकं इथेच सांधायला लागतं. राग निघाला की "हा तर बिघडत चाललाय" म्हणून भेटी बंद करणारी घरं पुष्कळ, आणि तेव्हाच थांबायचं नसतं.

होस्टेलचा विचार सोडा; अंतर आधीच वाढलंय. मोबाईल काढून घेतला तर मित्रांशी उरलेला धागाही तुटेल. रात्री साडेदहाला घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात, बापाचासुद्धा, एवढा नियम पुरे. मनोविकारतज्ज्ञांनी नैराश्यावरच्या गोळ्या दिल्या तर गुण यायला चार-सहा आठवडे लागतात. पहिल्या काही आठवड्यांत त्याच्यावर लक्ष ठेवा आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

ताट दारात ठेवताय ते ठेवा. फक्त ठेवून लगेच निघू नका, पाच मिनिटं उंबऱ्याशी बसा. अभ्यास, मार्क, मोबाईल यातलं काही काढू नका. तो बोलला नाही तरी बसा. पहिली वेळ मात्र कारखान्याला सुट्टी असेल त्या दिवसाचीच मागा, म्हणजे मिस्टरांना "काम आहे" म्हणायला जागा राहणार नाही.