आजीचं आयुष्य लिहून वर्षश्राद्धाला पुस्तिका द्यायची आहे. माहिती कुठून आणि कशी गोळा करावी?

तुम्ही लिहिलंय की आजी नव्वदी ओलांडून गेल्या, सासर निफाडकडचं, माहेर सिन्नरकडचं, आणि वर्षश्राद्धाला येणाऱ्यांच्या हाती छोटी पुस्तिका द्यायची आहे. आठ-नऊ महिने हाताशी असतील तर हे नीट होतं. फक्त सुरुवात लग्नापासून करू नका. घरच्यांनी काढलेल्या बहुतेक पुस्तिकांत आजी माप ओलांडूनच पानावर येते, कारण सासरच्या माणसांना तेवढंच ठाऊक असतं. त्याआधीची वर्षं माहेरच्या कागदांत आणि माहेरच्या माणसांकडे असतात, तीही बहुधा वेगळ्या नावाने. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर आधी हे लिहा: माहेरचं नाव, वडिलांचं पूर्ण नाव, गाव, आडनाव. पुढची सगळी शोधाशोध या चार गोष्टींवर चालते.

जन्मतारीख आधारवरून उचलू नका. तिथे १ जानेवारी असेल तर ती अंदाजाने टाकलेली असण्याचीच शक्यता जास्त. शाळेच्या दाखल्यावर १ जून दिसला तर तो गुरुजींनी नाव घालताना लिहिलेला दिवस समजा, वर्ष मात्र बऱ्यापैकी जवळचं असतं. दाखला हरवला असला तरी शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागता येतो. त्याहून भरवशाची नोंद म्हणजे गाव नमुना १४, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. माहेरच्या तालुक्याच्या तहसील कार्यालयात, अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा. तिथे आजींचं नाव शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. त्या काळी मुलीच्या जन्माची नोंद पुष्कळदा नावाशिवायच होई: बापाचं नाव, जात आणि पुढे नुसतं ‘मुलगी’. वडिलांच्या नावाने पानं चाळा, भावंडांच्या नोंदीही टिपून ठेवा, म्हणजे कितवं अपत्य ते कळतं. जुनी पानं मोडी लिपीत असू शकतात, तेव्हा मोडी वाचणारा माणूस आधी गाठा.

पत्रिकेवर शके असेल तर इसवी सन काढायला चैत्रापासून कार्तिकापर्यंत ७८ मिळवा, माघ-फाल्गुनाला ७९. शके १८५३ चा फाल्गुन म्हणजे १९३२. मार्गशीर्ष आणि पौष जानेवारीच्या सीमेवर येतात, तिथे त्या वर्षाचं पंचांगच बघावं लागतं.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या विसरू नका. नाशिकला रामकुंडावर अस्थी घेऊन गेला असाल तर उपाध्यांनी तुमच्या कुळाची वही उघडली असेलच. पुन्हा एकदा शांतपणे, गर्दीचे दिवस टाळून जा. वह्या गाव आणि आडनावावरून लावलेल्या असतात, आणि सासरचे व माहेरचे उपाध्ये बहुधा वेगळे. माहेरच्या वहीत आजींचे वडील किंवा भाऊ कधी आले आणि सोबत कोण होतं हे सापडू शकतं. फोटो काढण्याआधी विचारा, आणि तुमची आजवरची वंशावळ लिहून न्या. उपाध्ये ती पुढे वहीत चढवतात.

जमीन असेल तर जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदी, काढा. आजेसासरे गेल्यावरची वारस नोंद, वाटणी, हक्कसोड, सगळं तारखेनिशी असतं. उताऱ्यावर मुलांच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ अशी तीन अक्षरं आणि एक शब्द दिसला तर तिथेच थांबा. अज्ञान पालन कर्ता म्हणजे मुलं लहान असताना कागदावर ती बाई उभी होती. घरात ही गोष्ट कुणी कधी बोललेलं नसतं, आणि पुस्तिकेतलं सगळ्यात वजनदार पान यातूनच निघतं.

आता माणसं. वयाने सगळ्यात मोठ्या माणसाकडे आधी जा: जाऊबाई, नणंद, धाकटी बहीण, माहेरची वहिनी. सगळ्यांना एकत्र बसवलं तर ज्याचा आवाज मोठा त्याचीच आठवण उरते, म्हणून एकेकट्याने भेटा, पाऊण तासापेक्षा जास्त नको. रेकॉर्डिंगसाठी पंखा बंद, फोन घडी घातलेल्या टॉवेलवर, तोंडापासून हातभर अंतरावर. ‘आजी कशा होत्या?’ असं विचारलं की ‘फार प्रेमळ’ एवढंच उत्तर मिळतं. पहाटे उठून पहिलं काम कोणतं, दळण कुठे, पाणी कुठून, हातात पैसे कुणाकडून येत, असं विचारा. सालं कुणाला आठवत नाहीत, प्रसंग आठवतात. नया पैसा १९५७ साली आला, कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७ चा, गोदावरीचा महापूर १९६९ चा, दुष्काळ १९७२ चा. ‘पुराच्या वेळी धाकटा कडेवर होता की चालत होता?’ या एका प्रश्नावर दोन-तीन वर्षांचा घोळ सुटतो. नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्यावरून मोजताना सरसकट बारा वर्षं धरू नका, १९८० नंतरचा १९९१ मध्येच आला.

जात्यावरच्या ओव्या कुणाला येत असतील तर त्या रेकॉर्ड कराच. बायका त्यांत भावाचं, गावाचं, देवाचं नाव ओवत, त्यामुळे ओवीतूनही माहेर सापडतं. नुसतं ‘म्हणा’ म्हटलं की बाई लाजते. समोर निवडायला तांदूळ ठेवा.

मसाल्याचं प्रमाण लिहिताना ‘मापटंभर धणे’ (मापटं म्हणजे अर्धा शेर) तसंच ठेवा, पण आजींचं तेच मापटं भरून वजन करून ग्रॅमही द्या. शेर मापाचा आणि शेर वजनाचा वेगळा, इथे हमखास चुकतं.

जुने फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, पासपोर्टएवढे असतील तर १२०० वर, आणि मागची बाजूही घ्या, स्टुडिओचा शिक्का तिथे असतो. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकटच स्कॅन करा.

छपाईसाठी ए-५ आकार, मधे पिना. पानं चारच्या पटीत लागतात, २४ किंवा ३२ पुरतात. अक्षर १४ पॉइंट, कारण वाचणारे बरेचसे साठीपुढचे. मजकूर युनिकोडमधून छापखान्यातल्या श्रीलिपी फॉन्टमध्ये नेताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात, म्हणून प्रूफ कागदावर काढून वाचा, आणि एक प्रत माहेरच्या माणसाला वाचायला द्या. नावांतल्या चुका तेच पकडतील. छपाईआधी तीन आठवडे हातात ठेवा, आणि नात्यांतली घरं मोजून वर पंधरा-वीस प्रती जास्त काढा, माहेरकडून मागणी येतेच.